चल्लारनी

आमच्या हॉटेलात बिअर बनायची, आणि ती बनवणारा माणूस चहासुद्धा गार करून प्यायचा. इराबत्ती सरांबद्दल एवढंच सांगितलं तरी लोक हसतात. हसू देत. मीही आधी हसायचे, आणि हसून झालं की वैतागायचे.

हॉटेल सोलापूरच्या बाहेर, पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी रिसेप्शनवर. मालक बापूसाहेब, माळशिरसकडचे बडे ऊसवाले. ते एकदा पुण्यात कुणाच्या तरी लग्नाला गेले आणि तिथल्या एका हॉटेलात त्यांनी काचेपलीकडे चकचकीत टाक्या पाहिल्या. त्या टाक्यांत तिथल्या तिथे बिअर बनते आणि लोक टाक्यांपुढे उभे राहून फोटो काढतात, हे पाहून ते जे पेटले ते सगळे परवाने काढून, टाक्या बसवूनच शांत झाले. हॉटेलाला तोवर त्यांच्या आईचं नाव होतं. बिअरच्या पाटीवर आईचं नाव बरं दिसेना, म्हणून एक इंग्रजी नाव आणलं. ते बापूसाहेबांसकट कुणालाच नीट म्हणता येत नाही. रिक्षावाले अजूनही आईच्याच नावानं गिऱ्हाईक आणून सोडतात. मी घरी ‘व्हेज सेक्शनला आहे’ असं सांगून ठेवलं होतं.

सुरुवातीला बंगळूरहून एक दाढीवाला तज्ज्ञ आला. त्यानं टाक्या चालू करून दिल्या, चार गोष्टी शिकवल्या आणि सोलापूरचा मे महिना बघून पळाला. मग बापूसाहेबांनी इराबत्ती सरांना आणलं. ज्या साखर कारखान्याला बापूसाहेबांचा ऊस जायचा, तिथल्या लॅबमधून सर केमिस्ट म्हणून निवृत्त झाले होते. बापूसाहेबांचा हिशेब सरळ होता. सर आजवर उसाचा रस मोजत होते, आता सातूचा मोजतील, रस तो रसच की. खरं सांगायचं तर बापूसाहेबांनी डोकं वापरून घेतलेल्या मोजक्या निर्णयांपैकी हा एक.

सर मूळचे शहराच्या पूर्व भागातले, विणकरांच्या तेलुगू घरातले. आता जुळे सोलापुरात फ्लॅट. एम.एस्सी. झाल्याचा त्यांना भयंकर अभिमान. ओळख करून देताना नावाच्या आधी डिग्री सांगायचे. शर्टाच्या खिशात थर्मामीटर, आणि बगलेत बांगड्यांची नळी. नव्या पेठेतल्या बांगडीवाल्याकडे बांगड्या ठेवायला लांब पुठ्ठ्याची नळी मिळते, तसली. मिसेसच्या बांगड्या त्यांनी बाहेर काढल्या होत्या आणि आत मखमलीत स्वतःचा स्पिंडल ठेवला होता. त्यांच्या सोसायटीत सगळ्यांचा समज असा, की सर माल्टच्या कारखान्यात आहेत, म्हणजे मुलांच्या दुधात घालायची पावडर करतात. शेजारच्या बाईंनी एकदा नातवासाठी एक डबा मागितला. सरांनी तो विषय गार होऊ दिला.

स्पिंडल म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बिअरसाठी मोड आणून वाळवलेला सातू भरडतात, तोच माल्ट. तो गरम पाण्यात भिजवला की त्यातली साखर पाण्यात उतरते. ते गोड पाणी गाळून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालायचं. आमच्याकडे सगळे त्या गोड पाण्याला काढाच म्हणायचे. काढा किती गोड, यावर बिअर किती कडक होणार ते ठरतं. ते मोजायचं या स्पिंडलनं. काचेचा तरंगता काटा, बुडाशी जड, वर बारीक मान, मानेत आकड्यांची पट्टी. काढा दाट असेल तर तो वर उचलला जातो, पातळ असेल तर खाली जातो. मात्र उकळता काढा फुगून हलका झालेला असतो, त्यामुळे स्पिंडल त्यात भलताच खाली बसतो आणि खोटा, कमी आकडा दाखवतो. म्हणून नमुना आधी गार करायचा, स्पिंडलवर छापलेल्या वीस अंशांवर आणायचा, मगच वाचायचा.

ही गोष्ट कुणीही दोन वाक्यांत शिकेल. सरांनी तिचा धर्म केला होता.

नमुना घ्यायच्या आधी ते काढा उकळायची मोठी कढई ढवळून घ्यायचे. मग स्टीलच्या उभट डब्यात काढा, वर लगेच घट्ट झाकण, कारण वाफ गेली की पाणी जातं आणि मागे राहिलेला काढा उगाच दाट होतो. डबा बर्फाच्या पाण्यात. मग सर शेजारी स्टुलावर बसायचे. या वेळात त्यांच्याशी कुणी काही बोलायला गेलं की एकच शब्द यायचा, चल्लारनी. तेलुगूत म्हणजे गार होऊ दे. नमुना गार झाला की काचेच्या नळकांड्यात फेस न येऊ देता ओतायचा, स्पिंडल सोडून त्याला चिमटीनं हलकी गिरकी द्यायची म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि मग सर चक्क गुडघ्यांवर बसायचे. डोळा पाण्याच्या पातळीला यायला हवा, वरून पाहिलं तर आकडा चुकतो. आचाऱ्यांना वाटायचं ते टाकीची पूजा करतात.

बंगळूरच्या तज्ज्ञानं जाताना लिहून ठेवलं होतं, नमुना रूम टेंपरेचरला आणावा. सरांनी त्याला फोन लावून विचारलं, कुठली रूम. तो म्हणाला, कुठलीही. सर म्हणाले, आमच्याकडे मे महिन्यात रूममध्ये ठेवलेलं पाणी अंघोळीला चालतं. त्यानंतर त्या तज्ज्ञानं फोन उचलणं बंद केलं.

चल्लारनी हा शब्द टाकीपाशीच राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण सरांनी तो सगळीकडे लावला. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन ओरडतंय, मी सरांना बोलावते, आणि सर त्याच्याकडे थर्मामीटर लावल्यासारखं बघून मला म्हणणार, यांचा आकडा आत्ता खरा नाही, चल्लारनी. आणि निघून जाणार. शिव्या खायला मी. त्यातली निम्मी गिऱ्हाइकं थोड्या वेळानं आणखी एक ग्लास मागवायची हे खरं, पण उरलेली निम्मी माझ्यापुढेच उकळत असायची. सरांच्या मुलाला एक चांगलं स्थळ आलं होतं. घरच्यांना मुलगी इतकी आवडली की सरांना संशय आला. म्हणाले, आत्ता सगळे गरम आहेत, थोडं थांबू. ते होकार कळवायला गेले तेव्हा मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. त्यांच्या मिसेस मला म्हणाल्या, आमच्या घरात भातसुद्धा कधी गरम खाल्ला नाही हो.

शनिवारी काम संपलं की सर स्वतः बनवलेली एक ग्लास बिअर प्यायचे. तीही फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवायची आणि वीस अंशांवर येईपर्यंत वाट बघायची. फार गार आकडाही खोटाच असतो, म्हणायचे. ती कोमट बिअर पिताना त्यांचा चेहरा इतका समाधानी असायचा की मला त्यांचा राग यायचा.

आता महबूबभाई. ते आमच्या स्टोअरवर होते. माल्टची पोती उतरवून घेणं, वजन करून टाकीला देणं हे त्यांचं काम. आधी टेंपो चालवायचे, कंबर गेली म्हणून इकडे आले. माणूस हिशेबाला चोख आणि बोलायला गरीब. काढा गाळून झाला की माल्टचा ओला चोथा उरतो. तो फेकायलाही माणूस लागतो, म्हणून बापूसाहेबांनीच त्यांना सांगितलं होतं, घरी बकऱ्या हायत न्हवं तुझ्या, घेऊन जा की. त्या चोथ्यावर महबूबभाईंच्या बकऱ्या अशा सुधारल्या की बघायला गल्ली यायची. महबूबभाईंनी कौतुकानं त्यांचे फोटो बापूसाहेबांनाही दाखवले होते. इथंच चुकलं.

त्या दिवशी बापूसाहेबांनी गावाकडचे पाहुणे आणले होते, टाक्या दाखवायला. त्यात एक दूध संस्थेचा चेअरमन होता. सर मागे जेवायला बसले होते. पाहुण्यांपुढे शेखी मिरवायला म्हणून बापूसाहेबांनी उकळत्या कढईतला काढा एका स्टीलच्या जगमध्ये काढला, स्टँडवरचा हॉटेलचा स्पिंडल उचलला आणि दिला सोडून. काच तडकली नाही हे नशीब. स्पिंडल मानेपर्यंत खाली गेला.

आता हे लक्षात घ्या, की ही सगळी मंडळी दूध डेअरीवर वाढलेली. दुधात काटा सोडायचा, खाली गेला की दुधात पाणी, पाणी म्हणजे चोर. लहानपणापासून डोळ्यांनी हेच पाहिलेलं. चेअरमन वाकून बघत म्हणाला, बापू, ह्यात निम्मं पाणी हाय. बापूसाहेबांचा चेहरा बदलला. पाणी का घातलं, तर माल्ट कमी पडला म्हणून. माल्ट कमी का पडला. आणि त्यांना त्या बकऱ्या आठवल्या.

त्यांनी महबूबभाईंना बोलावलं. “बकऱ्या लई माजल्यात तुझ्या. कशावर?”

“चोथ्यावर मालक. तुम्हीच न्या म्हणालात.”

“चोथ्यावर बकरी अशी हुत न्हाय. माल्ट खातीया ती. चोर हायस तू, महबूब.”

हे टाक्यांच्या हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर, आचाऱ्यांसमोर, माझ्यासमोर. महबूबभाईंनी फक्त डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बापूसाहेबांनी मला पोलीस चौकीला फोन लावायला सांगितलं. चौकीचा नंबर मला पाठ होता, तरी मी तो शोधत बसले. हे काम गेलं असतं तर महबूबभाई दुसरं बघू शकले असते. पण चोर म्हणून निघालेल्या माणसाला सोलापुरात कुठल्या गोडाऊनची किल्ली मिळणार होती?

तेवढ्यात सर हात पुसत आले. काय झालं ते ऐकलं. काढ्याच्या जगला हात लावून बघितला, हात झटकला आणि कढई ढवळून नवा नमुना काढला. झाकण लावलं, डबा बर्फात ठेवला, स्टुलावर बसले. बापूसाहेब बोलत सुटले होते, पोती मोजतो, कॅमेरा बघतो, ह्याच्या घरी जातो. सर म्हणाले, “चल्लारनी, मालक.”

थांबणं हे बापूसाहेबांच्या रक्तात नाही. त्यांनी येरझाऱ्या घातल्या, आणि मधेच येऊन झाकण उघडलं, झालं का बघायला. वाफेचा भपका आला. त्यांनी झाकण उघडंच ठेवून पाहुण्यांना आत दाखवलं. सर उठले आणि तो डबा त्यांनी मोरीत ओतून दिला. म्हणाले, “वाफ गेली. आता आकडा वर येईल, महबूबच्या सोयीचा. मला तसलाही नको.” आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

त्या वेळी मला सरांचा गळा धरावासा वाटला. एक माणूस टोपी हातात घेऊन भिंतीला उभा आहे आणि याला सोयीचा आकडा नको आहे.

दुसरा नमुना गार झाला. काचेच्या नळकांड्यात ओतला. सरांनी बांगड्यांच्या नळीतून स्वतःचा स्पिंडल काढला, पुसून परत ठेवला आणि मुद्दाम हॉटेलचाच घेतला, जो बापूसाहेबांनी वापरला होता तोच. गिरकी दिली. बापूसाहेब वरून डोकावले. सर म्हणाले, वरून बघून कळत नाही मालक, खाली या. बापूसाहेबांचं पोट मोठं, पँट घट्ट. टेबलाला धरून ते एकेक गुडघा टेकत खाली बसले. टेबलाच्या पलीकडे भिंतीला महबूबभाई उभे, त्यामुळे मालक त्यांच्याचपुढे गुडघे टेकून बसल्यासारखं दिसत होतं. एका आचाऱ्याला हसू आवरेना, तो आत पळाला.

आकडा जेवढा यायला हवा तेवढाच होता. ना कमी ना जास्त. पाव किलो माल्टसुद्धा कुठं गेला नव्हता.

बापूसाहेब उठले, गुडघे झटकले. ह्या स्पिंडलचं काय खरं न्हाय बुवा, म्हणाले, आणि पाहुण्यांना म्हणाले, चला, जेवून घिऊ. चेअरमन तर कधीच दारात पोचला होता.

“मालक,” सर म्हणाले, “आकडा दुरुस्त झाला. शब्द राहिला.”

“कुटला शब्द?”

“चोर म्हणालात तो.”

बापूसाहेबांनी पाहुण्यांकडे बघून डोळा मारला. “सर, तुमीच म्हणता न्हवं, चल्लारनी? मंग हुंद्या की गार. उद्या बोलू.”

सगळे हसले. आचारी हसले, पाहुणे हसले, मला काय करावं कळेना म्हणून मीही हसले. आणि महबूबभाई हसले, ते मला अजून विसरता येत नाही. फक्त सर हसले नाहीत. म्हणाले, “तो शब्द तुम्ही उकळत असताना बाहेर काढलात. आत घ्यायला गार कशाला व्हायला हवं?” पण तोवर मटणाची ताटं लागली होती.

सरांनी त्या दिवसाचं काम पूर्ण केलं. काढा गार केला, यीस्ट घातलं, नळकांडं धुऊन उपडं ठेवलं. मग बांगड्यांची नळी बगलेत घेतली आणि माझ्या काउंटरवरून जाताना नेहमीसारखी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मला वाटलं, रागावलेत, गार होतील. बापूसाहेबांनाही तेच वाटलं. महबूबभाई मात्र कामावर येत राहिले, कारण घरी खाणारी तोंडं होती. चोथा नेणं त्यांनी बंद केलं. बकऱ्या विकल्या.

सरांच्या जागी बापूसाहेबांचा एक मेहुणा आला. त्याच्या मोबाइलमध्ये ॲप होतं. गरम काढ्यातच स्पिंडल सोडायचा, किती गरम ते ॲपला सांगायचं, ॲप दुरुस्त आकडा देणार. थोडंफार कोमट असेल तर असली दुरुस्ती चालते, पण उकळत्या काढ्याला ती लागू पडत नाही. आकडा रोज नवीन यायचा आणि मेहुणा त्याप्रमाणे कधी पाणी वाढवायचा, कधी आटवत बसायचा. एका आठवड्यात आमची बिअर सरबत असायची, दुसऱ्या आठवड्यात एका ग्लासात माणूस टेबलाखाली. फोटो काढणारेसुद्धा कमी झाले. शेवटी बापूसाहेबांनी पेढ्यांचा एक बॉक्स माझ्या हातात दिला आणि सरांना घेऊन या म्हणाले. बरोबर महबूबला न्या, त्याच्यावर सरांचा जीव हाय. महबूबभाईंशी ते स्वतः त्या दिवसानंतर त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर सरांचं घर. सर बनियनवर होते, आम्हाला बघून शर्ट घालून आले. मिसेसनी चहा आणला. आमचा वाफाळता, आणि सरांनी आपल्या कपावर सवयीनं बशी पालथी घातली. मी निरोप सांगितला. मालकांना चूक कळली आहे, हे वाक्य मी पदरचं घातलं. सरांनी ऐकून घेतलं आणि महबूबभाईंकडे वळले.

“ते तुला बोलले का काही?”

“नाही सर. पण जाऊ द्या आता. गार झालं ते.”

“म्हणून तर आता मोजता येतं,” सर म्हणाले. “आणि गार झालं की आकडा वर येतो, महबूब. खाली जात नाही.”

इतके दिवस मी सरांचा तो शब्द ऐकत होते आणि मला वाटत होतं, गार करायचं ते विसरण्यासाठी. मला लाज वाटली. मी त्या दिवशी हसले होते.

महबूबभाईंनी कप खाली ठेवला. म्हणाले, “हौ सर. वर आलाय.”

पेढे सरांनी घेतले नाहीत. आम्ही खाली आलो तर गेटपाशीच बापूसाहेबांचा फोन. सर काय म्हनलं? मी म्हटलं, गार झालंय म्हणाले. बापूसाहेब एकदम खूश. मंग आलंच म्हणायचं की, मला म्हाईत हुतं. महबूबभाईंनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात दिला आणि फोन मागितला. मी दिला. त्यांनी टोपी नीट केली, जसं काही समोर कुणी उभंच आहे.

“मालक, महबूब बोलतोय. तुमचा एक शब्द माझ्याकडे राहिलाय. तो परत घ्या, मग मी स्टोअर उघडतो.”

महबूबभाई फोन कानाला लावून उत्तराची वाट बघत उभे राहिले, घाई नव्हतीच त्यांना. मी वर बघितलं. सर गॅलरीत उभे होते. त्यांनी कपाला बोट लावून पाहिलं, बशी बाजूला ठेवली आणि चहा प्यायला.